मत्स्यपेटीची घरघर आणि रात्रीची झोप

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने घरातील लहानसहान आवाज कानी पडत नाहीत. पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींत दिवाणखान्यातील मत्स्यपेटीचा पंपही बुडून जातो. ऑक्टोबरात पाऊस ओसरला, की तुंगार्ली, वलवण यांसारख्या शांत वस्तीत तीच घरघर मध्यरात्री भिंतीपलीकडच्या खोलीतही जाणवू लागते. अखेर कुणीतरी उठून बटण बंद करतो. सकाळी पुन्हा लावू, एवढाच विचार त्यामागे असतो.

झोपणाऱ्याची तक्रार खोटी नसते. शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचविले होते. परंतु बटण बंद करण्याची किंमत मासे मोजतात. ते कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढलेले जिवाणू या विषाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे बरेच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांना प्राणवायू लागतो. प्रवाह थांबला की फिल्टरच्या बंद डब्यातील प्राणवायू संपत जातो आणि जिवाणू मरू लागतात. पाण्याचा पृष्ठभाग हलेनासा झाल्याने पेटीतील प्राणवायूही घटतो. दाटीने ठेवलेले मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, तो खेळ नसतो, गुदमर असते. मासे काचेत कोंडावेत की नाही, हा प्रश्न जैन घरांत आधीच चर्चिला जातो व जावाही; मात्र जीव घरात आणल्यावर त्याचा श्वास आपल्या झोपेच्या सोयीने चालू-बंद करता येत नाही. विजेच्या बचतीची सबबही टिकत नाही. ५ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी ३.६ युनिट होतात.

तेव्हा आवाज कोठून येतो, हे शोधणे हाच मार्ग. पेटीला एकाहून अधिक उपकरणे असतील तर दिवसा एकेक मिनिटभर बंद करून ऐकावे. दोषी कोण, ते लगेच कळते.

बहुधा तो हवेचा पंप असतो. त्यातील रबरी पडदा विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला पन्नास वेळा थरथरतो आणि पंप लाकडी कपाटावर ठेवलेला असेल तर ते पोकळ कपाट तबल्यासारखे घुमते. पंपाखाली जाड फोमचा तुकडा किंवा जुन्या योगाच्या चटईची दुहेरी घडी ठेवली, तो भिंतीपासून चार बोटे दूर सरकवला, की निम्मे काम होते. पंप कापडात गुंडाळू मात्र नये. तो तापतो आणि हवाही कमी ओढतो. त्याची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असावी किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. मावळात वादळी पावसात वीज जाणे नवे नाही, आणि अशा वेळी पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते.

पाण्यातील पंप खडखडत असेल तर तो उघडून इम्पेलर, म्हणजे चुंबकावर बसवलेली पाती, बाहेर काढावी. तिच्याभोवती शेवाळ, वाळूचा कण किंवा केस अडकलेला सापडतो. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खोबण साफ केली की पंप शांत होतो. आस झिजलेला असेल तर तेवढाच भाग बदलावा. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उपयुक्त जिवाणूंनाच मारते. मागे टांगलेला फिल्टर वीज परत आल्यावर कधी कधी कोरडाच गुरगुरत राहतो. त्याच्या डब्यात तांब्याभर पाणी ओतले की धार पुन्हा सुरू होते.

राहिला खळखळाट. धार जितक्या उंचीवरून पडेल तितका तो मोठा. पाण्याची पातळी धारेच्या तोंडाला टेकली की आवाज जवळजवळ नाहीसा होतो, पृष्ठभाग मात्र हलताच राहतो. हे इतके सोपे आहे, की कुणाला सुचत नाही.

मुंबई-पुण्याच्या कुटुंबांच्या सुट्टीच्या बंगल्यांत अडचण येते ती इथेच. आठवडाभर घर बंद, त्यात एप्रिल-मे महिन्यांतील बाष्पीभवन. शनिवारी रात्री मंडळी पोहोचतात तेव्हा पाणी दोन-तीन बोटे उतरलेले असते, धार उंचावरून आदळत असते आणि थकलेला पाहुणा बटणाकडे वळतो. मुळात बंद घरात मत्स्यपेटी ठेवूच नये, हे उत्तम. ठेवलीच असेल तर काचेवर पाण्याच्या योग्य पातळीला रंगीत पट्टी चिकटवून ती रखवालदाराला दाखवावी, आणि पाणी पट्टीच्या खाली गेले की आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले पाणी हळूहळू ओतण्यास सांगावे.