सवलत संपली, आता किलोचा हिशेब

सिल्वासात कारखाना का काढलात, असं इथल्या जुन्या मालकांना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: टॅक्स. विक्रीकराची लांब मुदतीची माफी, मागास भाग म्हणून प्राप्तिकरात सूट आणि वर स्वस्त वीज. या बळावर मसाट, पिपरिया, खडोली, नरोली, राखोलीत शेडमागून शेड उभ्या राहिल्या आणि पॉलिएस्टर सुताच्या टेक्स्चरायझिंगचं हे देशातलं मोठं केंद्र झालं. 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि करापुरते सुरत, भिवंडी आणि सिल्वासा एका रांगेत आले.

इथल्या लहान-मध्यम मालकांची आजची बरीचशी दुखणी त्या सवलतीच्या काळात लागलेल्या सवयींची आहेत, असं माझं ठाम मत आहे. नफा करातून सुटत होता तोवर एक किलो सूत आपल्याला नेमकं कितीला पडतं हे ठाऊक नसलं तरी निभावून जायचं. आता निभत नाही.

टेक्स्चरायझरची जागा मुळातच अवघड. पीओवाय, म्हणजे टेक्स्चरायझिंगचा कच्चा धागा, विकणाऱ्या मोजक्या बड्या कंपन्या भाव ठरवतात, आणि तो कच्च्या तेलामागे फिरतो. पलीकडे सुरत, भिवंडी, मालेगावचे असंख्य लूमवाले आणि भाव पाडून मागणारा दलाल. मधे किलोमागे मोजके रुपये उरतात, त्यातला मोठा घास वीज घेते. एका मशीनवर दोनशेहून अधिक धागे एकाच वेळी तापत, पीळ खात धावत असतात. वीज क्षणभर डगमगली तरी ते तुटतात. मग एकेक पोझिशन पुन्हा ओवायची, तोवर उत्पादन बंद आणि वेस्टेजचा ढीग. हे नुकसान त्या आठवड्याच्या किलोवर किती मालक टाकतात? वर्षाअखेरी सीए ताळेबंद हातात देतो तेव्हा ते कुठल्याशा आकड्यात विरघळून गेलेलं असतं. मशीननिहाय, डेनिअरनिहाय हिशेब दर आठवड्याला हवा. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पाळीची वही, मीटरचं रीडिंग आणि वेस्टेजचं वजन एवढ्यावर सुरुवात होते.

उधारी हाही त्या किलोचाच खर्च आहे. माल आज गेला की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, पार्टीचे पैसे मात्र तीन-तीन महिने येत नाहीत. मधलं व्याज सीसी खात्यावर चढत राहतं. 2006चा एमएसएमई विकास कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्या म्हणतो, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024पासून प्राप्तिकरातही खरेदीदाराला चाप बसला: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. कायदा लहान मालकाच्या बाजूचा आहे. पण जी पार्टी तुमचा निम्मा माल उचलते तिच्यावर तक्रार कोण करणार? म्हणून नवी ऑर्डर घेताना भावाच्या आधी हे पाहा, की ही पार्टी उद्या तुटली तर तुमची किती मशीन बंद पडतील.

वसुलीसाठी मालक स्वतः सुरतेला जातो, आणि तेवढे दिवस शेड कुणावर असते? सुपरवायझर बहुधा ठेकेदाराचा माणूस, त्याला खरेदीचा भाव माहीत नाही, पार्टीचा फोन घ्यायची मुभा नाही. सगळा कारभार शेठच्या डोक्यात. शेठ आजारी पडला की कारखानाही आजारी.

म्हणून शेठच्या मागे कारभार सांभाळणारा दुसरा माणूस हवा, आणि तो बाहेरूनच आणायला हवा असंही नाही. कराडला (आपल्याकडच्या, साताऱ्यातल्या नव्हे) सरकारी पॉलिटेक्निक आहे. खानवेलकडच्या वारली, कोकणा घरांतली मुलं शिकून बाहेर पडताहेत. ज्यांच्या गावाशेजारी ही कारखानदारी वाढली, त्यांना अजून प्रामुख्याने हेल्परची कामं मिळावीत हे मला बोचतं. शिवाय त्यात मालकाचंच नुकसान आहे. होळी-छठला परप्रांतीय कामगार गावी गेले की पाळ्या रिकाम्या पडतात, अशा घरातला मुलगा मात्र इथलाच. त्याला दोन वर्षं मशीनवर ठेवा, मग किलोचा हिशेब त्याच्यासमोर उघडा, खरेदीचा भाव सांगा, एका पार्टीची वसुली त्याच्याकडे सोपवा. पगार हेल्परपेक्षा बराच जास्त द्यावा लागेल. तोही किलोवर टाका.