‘गुन्हा दाखल’ म्हणजे दोषी नव्हे

आपल्या घरात ‘गुनाह’ हा शब्द रोज कानावर पडतो. भाकरी टाकून दिली, गुनाह. अम्मीशी चढ्या आवाजात बोललो, गुनाह. हाच फारसी शब्द मराठीत ‘गुन्हा’ झाला आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत जाऊन बसला. शब्द एकच, पण अर्थ दोन.

गुनाहची टोचणी आतली असते. कुणी पाहिलं नसलं तरी ती लागते. माफी मागितली, नुकसान भरून दिलं की हलकी होते. कायद्याला ही टोचणी दिसत नाही. त्याला कृत्य लागतं, बहुतेक गुन्ह्यांत त्यामागचा हेतू किंवा जाणीव लागते आणि पुरावा लागतो. तो देण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची. पेपरात ‘गुन्हा दाखल’ असं छापून येतं तेव्हा फक्त आरोपाची नोंद झालेली असते. दोषी कोण, हे न्यायालय ठरवतं.

या दोहोंत किती अंतर असू शकतं? ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. १३ जणांवर खटला चालला. अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक नऊ वर्षं तुरुंगात राहून २०१५ मध्ये निर्दोष सुटले. उरलेल्या १२ जणांना विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, मकोकाखाली वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरचा ठरू शकतो. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब नाकारले आणि सगळ्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्ये कैदेतच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने म्हटलं. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

यात स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळालेला नाही, हे आपण विसरता कामा नये. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

मी कारंजा तालुक्यातल्या धनजचा. मुंबई इथून लांब. तरी कुठे स्फोट झाला की आमची पोरं मोबाइलवर आधी नावं शोधतात, ‘आपल्यातला नसू दे’ म्हणतात. मान खाली जाते. मित्रांनो, ही अपराधाची भावना नव्हे, ही भीती आहे. जे आपण केलंच नाही त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. प्रत्येकाला जाब द्यायचा तो आपापल्या कर्माचा, हे आपला धर्म सांगतो आणि कायदाही.

पण एक दोष आपला असू शकतो. निर्दोष सुटून आलेल्याबद्दल आपणच कुजबुजतो, ‘काहीतरी असेलच.’ त्याला काम देत नाही, त्याच्या मुलीचं स्थळ परत पाठवतो. त्यासाठी कुठलंही ठाणं आपल्यावर गुन्हा दाखल करणार नाही. पण तो गुनाह आहे.