कंट्रोलर बिघडला, की वायर?

पांढरकवड्यासारख्या गावात संगणकाला जोडलेला गेमचा कंट्रोलर चालेनासा झाला, की घरात निकाल लगेच लागतो : "बिघडला. नागपूरहून नवा आणावा लागेल." नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर. तो खर्च करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा, असे माझे मत आहे. बिघाड कंट्रोलरमध्ये आहे, की कंट्रोलर आणि संगणक यांच्यामधल्या दुव्यात?

आधी वायर पाहू. १९९६ साली आलेल्या यूएसबी जोडणीत मूळ चार तारा : दोन विजेसाठी, दोन संदेशासाठी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही स्वस्त वायरींत संदेशाच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी वायर लावली की कंट्रोलरचा दिवा लागतो, बॅटरीही भरते, पण संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच. त्यावरून 'जोडणी ठीक आहे' म्हणणे हा घाईचा निष्कर्ष होय.

संदेश पोचला तरी ओळख पटावी लागते. जोडताच कंट्रोलर आपल्या उत्पादकाचा व प्रकाराचा क्रमांक कळवतो आणि त्यावरून संगणक योग्य ड्रायव्हर, म्हणजे तो हाताळणारी आज्ञावली, निवडतो. संगणकाच्या यादीत कंट्रोलर दिसतो, तेथे बटणांना प्रतिसादही मिळतो, पण खेळात मिळत नाही? मग वायरीला दोष देऊ नका. खेळाची मांडणी तपासा.

बिनतारी कंट्रोलरची गंमत वेगळीच. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. वायफायचीही तेथेच गर्दी. म्हणून ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलू शकते! तरीही मध्ये लोखंडी कपाट आले की लहरी अडतात. कधी कंट्रोलर आधी जोडलेल्या मोबाइललाच जाऊन चिकटतो. त्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद करून पाहावे.

"सगळे बंद करून पुन्हा चालू करा" हा सल्ला पुष्कळदा लागू पडतो, हे मान्य. पण त्यातून काय बिघडले होते ते कळत नाही. प्रयोगवहीत आपण 'इतर घटक स्थिर ठेवून' असे सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि घरी मात्र वायर, पोर्ट, ड्रायव्हर सारे एकदम बदलतो! एका वेळी एकच गोष्ट बदला. तीच वायर दुसऱ्या पोर्टला, मग दुसरी वायर त्याच पोर्टला, मग तोच कंट्रोलर दुसऱ्या संगणकाला.

शिक्षकांनी हा पाठ प्रयोगशाळेत घ्यावा. तीन वायरींवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावाव्यात. त्यांतली एक केवळ चार्जिंगची असावी. ती शोधायला सांगावे आणि गुण उत्तराला न देता, कोणती वायर कशावरून बाद केली त्या नोंदीला द्यावेत. येथे काम ५ व्होल्टांचे आहे. भिंतीतला २३० व्होल्टांचा प्लग मात्र कोणी उघडू नये.