लॅपटॉप कायम चार्जरला, मग बॅटरीचे काय?



आज आपल्या वस्त्यांमधून बऱ्याच घरी लॅपटॉप आला आहे. कुणी हप्त्याने घेतला, कुणी सेकंडहँड, कुणी पतपेढीचे कर्ज काढून. घरात तो एकच. थोरली त्यावर नोकरीचे काम करते, धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. बटणांच्या बोर्डाजवळ स्टुलावर त्याची जागा ठरलेली आणि चार्जर रात्रंदिवस लावलेला. दोन-तीन वर्षांनी मग लाईट गेली की पाच मिनिटांत पडदा काळा! नेमकी तीच फॉर्म भरण्याची शेवटची तारीख असली, तर मुलाचे वर्ष वाया जाते. नवी बॅटरी घ्यायची तर काही हजार रुपये हवेत. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. चार्जर लावून ठेवला म्हणजे बॅटरीत वीज भरतच राहते, असे नाही. बॅटरी पूर्ण भरली की आतील यंत्रणा चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप थेट चार्जरच्या विजेवर चालतो. तेव्हा चार्जर लावून काम करणे हा काही गुन्हा नव्हे. नुकसान होते ते दोन गोष्टींनी. एक, बॅटरी सदोदित शंभर टक्के भरलेली राहणे, दुसरी, उष्णता.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ साली प्रथम बाजारात आणली आणि ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी काठोकाठ भरलेली असते तेव्हा तिच्या आतील रसायनांवर ताण असतो आणि ती लवकर म्हातारी होते. उष्णतेने हा वेग आणखी वाढतो. जाणकारांच्या तक्त्यात असे दिसते की, २५ अंश तापमानात वर्षभर न वापरता ठेवलेली बॅटरी ४० टक्के भरलेली असेल तर तिची सुमारे ९६ टक्के ताकद शिल्लक राहते. पूर्ण भरलेली असेल तर ८० टक्केच. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. आता नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आणि पत्र्याची खोली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

मग करावे काय?

पहिले, चार्जिंगला मर्यादा घाला. बहुतेक नव्या यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. लेनोवोमध्ये ती व्हँटेज या प्रोग्रॅममध्ये, आसुसमध्ये मायआसुसमध्ये सापडते. डेल व एचपीच्या बऱ्याच यंत्रांत ती बायोसमध्ये असते. तेथे हात घालण्याचे धाडस होत नसेल तर कॉम्प्युटर शिकलेल्या शेजारच्या मुलाला बोलवा. एकदा मर्यादा घातली की चार्जर खुशाल लावून ठेवा. परीक्षा असेल किंवा वीज जाणार असल्याची सूचना आली असेल, तर आदल्या रात्री मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरावी आणि काम झाले की पुन्हा मर्यादा लावावी.

ही सोय नसेल तर काम नसताना चार्जर काढावा. बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर आली की पुन्हा लावावा.

दुसरे, लॅपटॉप थंड ठेवा. गादीवर, गोधडीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते. पाट किंवा लाकडी फळी खाली घ्या. उन्हाची खिडकी आणि गॅसची शेगडी यांपासून तो दूर असू द्या. जाळीतील धूळ यंत्र बंद करून मऊ ब्रशने काढा.

तिसरे, 'बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करा' हा सल्ला आता सोडून द्या. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. लिथियमची बॅटरी वरचेवर शून्यावर नेल्याने उलट झिजते. गावी जाताना लॅपटॉप महिनाभर बंद राहणार असेल, तर निम्मी भरलेली बॅटरी ठेवून जावे.

शेवटी जिवाच्या काळजीची गोष्ट. माउसची पट्टी वर उचलली गेली, झाकण नीट बसेना, किंवा यंत्र टेबलावर डगमगू लागले, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. लगेच चार्जर काढून यंत्र बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका. तिने पेट घेतल्यास आग आवरत नाही. माहीतगार दुरुस्तीवाल्याकडूनच ती काढून घ्या आणि स्वस्तातली बनावट बॅटरी बसवू नका. काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. कचरा वेचणारे आणि भंगार फोडणारे हात आपल्याच माय-बहिणींचे असतात, हे आपण तरी विसरता कामा नये.

आज घरी गेल्यावर चार्जर काढा आणि बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहा. तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. लाईट जाण्याआधीच तुम्हाला बॅटरीचा अंदाज आलेला असेल.