झुकतं माप ग्रॅफाइटला

हिऱ्याचं कौतुक करायला जग बसलंय. या अंकात आम्ही झुकतं माप दिलंय ते ग्रॅफाइटला. दोन्हींत अणू कार्बनचेच. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरतो, ग्रॅफाइटमध्ये तिघांनाच; मग थर एकमेकांवरून घसरतात आणि पेन्सिल कागदावर उमटते. मोबाइलच्या बॅटरीतलं ऋणाग्रही बहुधा ग्रॅफाइटचंच. २००४मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलॉव्ह यांनी चक्क चिकटपट्टीने त्याचा एका अणूइतका पातळ थर सोलला: ग्रॅफीन. २०१०चं भौतिकीचं नोबेल त्यावरच मिळालं. आता ग्रॅफीनचं नाव लावून काहीही विकलं जातं, तेव्हा मुखपृष्ठकथा जरा संशयानेच वाचा. टायरमधली काजळी आणि फिल्टरमधला सक्रिय कोळसा यांच्यासाठी पुढची पानं राखली आहेत.