ज्या वायूला लेबल नाही: औद्योगिक सुरक्षा संचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या एमआयडीसीतल्या एका खाद्यतेल कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मेले. आपल्या दफ्तरी त्याची नोंद असेलच. त्या कारखान्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, कारण दोष ठरवणं हे न्यायालयाचं आणि आपलं काम आहे. मला बोलायचं आहे ते त्या टाकीतल्या हवेबद्दल आणि आजही लातूर-नांदेडात अशा टाक्यांत उतरणाऱ्या माणसांबद्दल. उतरण्याआधी त्यांना काय सांगितलं जातं, कोण सांगतं आणि कुठल्या भाषेत, हा माझा प्रश्न आहे.

रासायनिक अपघात म्हटलं की राज्याचं लक्ष कोकणपट्टीकडे जातं. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. तारापूर, महाड, लोटे ही नावं तर सगळ्यांना पाठ आहेत. मराठवाड्याचा हा भाग त्या यादीत येत नाही. आमच्याकडे सोयाबीन, डाळ, ऊस आणि कापूस. त्यामुळे आमचे कारखाने 'शेतीमालाचे' ठरतात, मालकाच्या मनात आणि कामगाराच्याही मनात. तेलाची गिरणी हे रसायनाचं ठिकाण आहे असं तिच्या दारातून आत जाणाऱ्या माणसाला वाटत नाही.

पण ते रसायनाचंच ठिकाण आहे. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. ते घाण्यावर पूर्ण निघत नाही म्हणून सॉल्व्हंट प्लँटमध्ये हेक्झेननं धुऊन काढतात. उरलेली पेंड, म्हणजे बाजारातली डीओसी, वाफेनं तापवून तिच्यातलं हेक्झेन परत मिळवतात. हे हेक्झेन उणे २२ अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग लातूरच्या उन्हाळ्याची गोष्टच सोडा. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत सरकते, खड्ड्यात आणि गटारात साचते. हवेत तिचं प्रमाण एक टक्क्याच्या थोडं वर गेलं की एक ठिणगी पुरते. वर्षानुवर्षं ती श्वासातून जात राहिली तर पायाच्या बोटांपासून मुंग्या आणि बधिरपणा सुरू होतो. कामगार त्याला अशक्तपणा समजतो, नाहीतर साखरेचा आजार.

तरीही हेक्झेनच्या बाबतीत निदान कागद असतो. १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात, ते ठेवावं लागतं आणि भांड्यावर लेबल लावावं लागतं. टँकर येतो तेव्हा बिलासोबत सोळा भागांचं इंग्रजी पत्रक येतं आणि स्टोअरच्या फाइलीत लागतं. तपासणीला अधिकारी आले की ती फाइल निघते. सॉल्व्हंट विभागातल्या कायम कामगाराला 'इथे बिडी नाही, मोबाइल नाही, पितळी पाना वापर' एवढं तरी माहीत झालेलं असतं.

सांडपाण्याच्या टाकीचं तसं नाही. तिथला वायू कुणी विकत घेत नाही. त्याचं बिल नसतं, उत्पादक नसतो, टँकर नसतो, म्हणून माहितीपत्रकही नसतं. तेलाचे अंश आणि पेंडीचा चुरा मिसळलेलं पाणी तळाशी साचून कुजतं. तिथे ऑक्सिजन संपतो आणि गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. धोक्याची माहिती देण्याची आपली सगळी व्यवस्था विकत आणलेल्या रसायनाभोवती बांधलेली आहे. आमच्या भागात माणसाला मारणारा वायू मात्र कारखान्यातच जन्मतो आणि त्या व्यवस्थेत त्याला जागाच नाही. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात, डिस्टिलरीच्या किण्वन टाकीत आणि गावाबाहेरच्या मोठ्या सेप्टिक टँकमध्येही हेच घडतं, फक्त वायूंचं मिश्रण बदलतं.

यातली सर्वांत घातक गोष्ट कामगाराला कुणी समजावून सांगत नाही, ती अशी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे खरं, पण तो थोडा असतो तेव्हाच. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा १० पीपीएम होती. हवेत तो १०० पीपीएमच्या घरात गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. कामगाराला वाटतं, वायू निघून गेला. ७०० ते १००० पीपीएमला माणूस एकदोन श्वासांत कोसळतो. म्हणजे ज्या नाकावर तो भरवसा ठेवतो, ते ऐन धोक्याच्या वेळी दगा देतं. शिवाय झाकण उघडल्यावर वरची हवा तपासली तर ती बरी निघू शकते. वायू गाळात अडकलेला असतो आणि खाली उतरून फावडं मारलं की उसळून वर येतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासावी लागते. काम चालू असेपर्यंत मीटर अंगावरच लागतो.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघण्याची रीत आहे. ती शहाणपणाचीच होती, कारण ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत विझते. पण माणसाला आडवं करण्याइतक्या हायड्रोजन सल्फाइडमध्येही ज्योत जळत राहते, आणि सॉल्व्हंट प्लँटच्या खड्ड्यात तीच ज्योत स्फोट घडवते. खेड्यातून आलेला माणूस ही रीत सोबत घेऊन येतो. तिच्या जागी कारखान्यानं त्याला दुसरं काही दिलं नाही तर तो दुसरं करणार काय?

अशा घटनांमध्ये मृतांचा आकडा वाढतो तो मदतीला धावण्यातून. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग त्याचा भाऊबंद, मग गावाकडचा जोडीदार. कुणी मित्राला तसाच सोडून उभा राहत नाही, हा माणसाचा चांगुलपणा आहे. नेमका तोच चांगुलपणा इथे जीव घेतो. 'आत कुणी पडला तर आत जाऊ नका, दोरीनं वर ओढा' हे वाक्य त्यांनी आधी शंभरदा ऐकलेलं असलं, तरच त्या क्षणी ते आठवेल.

कायद्यात काहीच नव्हतं असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये सगळं होतं. पुरेसं मोठं मॅनहोल असावं, टाकी वायुमुक्त असल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला असावा. तो नसेल तर श्वसनयंत्र लावायचं, कमरेला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याच्या दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचं. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ साली त्याच कायद्यात धोक्याची माहिती उघड करण्याची सक्ती आली आणि ती माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्कही आला. कलम १०८ सांगायचं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात. मात्र त्या लावायच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी. इथेच सगळं अडतं. गेटवरचा फलक कायद्याचं समाधान करतो. टाकी असते मागच्या बाजूला, बॉयलरच्याही पलीकडे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्याच्या जागी व्यवसाय सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जुन्या कायद्यात थेट कलमांत असलेले कितीतरी तपशील संहितेनं नियमांवर आणि मानकांवर सोपवले आहेत. त्यामुळे टाकीत उतरण्याचा नियम महाराष्ट्रात कोणत्या शब्दांत उरतो, हे बऱ्याच अंशी आपल्या संचालनालयाच्या लेखणीवर अवलंबून आहे. मी हे पत्र आत्ता लिहितो आहे ते म्हणूनच.

त्या लेखणीला माझी पहिली विनंती अशी: प्रत्येक कारखान्यानं विकत घेतलेल्या रसायनांच्या यादीसोबत आपल्याच आवारात तयार होणाऱ्या घातक वायूंची यादी करावी, आणि ती जागेप्रमाणे असावी. टाकी क्रमांक अमुक, आत काय साचतं, कोणता वायू होऊ शकतो, कुणाच्या सहीशिवाय उतरायचं नाही. आणि हे त्या टाकीच्या तोंडाशी, हातभर अक्षरांत लिहिलेलं असावं.

भाषेचंही बोलतो. आमच्या मजुराची भाषा एक नाही. लातूरकडे उदगीर, निलंग्याच्या बाजूनं कानडी बोलणारे येतात, नांदेडकडे देगलूर, बिलोली, धर्माबादहून तेलुगू. दखनी उर्दू दोन्हीकडे आहे, आणि आता हिंदी पट्ट्यातूनही माणसं येतात. टाकी साफ करणारा बहुधा कंपनीचा नसतोच. तो ठेकेदाराचा असतो, दोन दिवसांसाठी आलेला, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नाव नसलेला. संपूर्ण आवारात सर्वांत मोठा धोका त्याच्या वाट्याला येतो आणि सर्वांत कमी माहितीही त्याच्याच. युरोपीय संघात घातक रसायनाचं लेबल साधारणपणे त्या त्या देशाच्या राजभाषेत असावं लागतं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर मराठीचा एवढा आग्रह धरला जातो, त्यातला थोडा मॅनहोलच्या झाकणावर धरावा.

मराठीत लिहिलं की काम झालं असंही मी मानत नाही. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशकाच्या बाटलीवर तर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. १९७१ च्या नियमांप्रमाणे मजकूर प्रादेशिक भाषेतही असावा लागतो. पण बाटलीच्या घडीपत्रकातली मुंगीएवढी अक्षरं दुपारच्या उन्हात, पाठीवर पंप घेतलेला कोण वाचणार? आणि हिरवा त्रिकोण म्हणजे 'विषारी नाही' असं नव्हे, तर 'इतरांहून कमी विषारी', हे दुकानातून निघताना किती जणांना कळलेलं असतं? किनवट-माहूरच्या कापसात तीच औषधं, तसेच पंप वापरले जातात. म्हणून माझं म्हणणं भाषेपाशी थांबत नाही. माहिती तोंडी सांगितली गेली, त्या माणसानं ती परत बोलून दाखवली, आणि मगच टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही झाली, असा क्रम हवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हा क्रम वाचवतो.

याच लातूरमध्ये बारावीची हजारो मुलं रसायनशास्त्र घोकतात. हायड्रोजन सल्फाइडचं सूत्र, त्याचा वास, तो हवेहून जड असणं हे त्यातल्या कुणालाही विचारा, लगेच सांगेल. हे ज्ञान शहरात भरपूर आहे आणि एमआयडीसीच्या फाटकाशी येऊन थांबतं, याचं मला फार वाईट वाटतं. किल्लारीच्या भूकंपानंतर याच जिल्ह्यात गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवलं गेलं होतं, त्यांच्या हाताला आणि भाषेला धरून. शासनाला हे जमतं, हे आम्ही पाहिलेलं आहे.

दुसरी विनंती बातमीची. अमेरिकेत रासायनिक अपघातांची चौकशी करणारं एक स्वतंत्र मंडळ आहे. ते चौकशी केलेल्या अपघातांचे अहवाल आणि त्यातले अनेक अपघात कसे घडले याच्या चित्रफिती सर्वांसाठी खुल्या करत आलं आहे. आपल्याकडे चौकशी होते, खटला उभा राहतो, पण शेजारच्या जिल्ह्यातल्या तशाच कारखान्याच्या फोरमनला त्यातून शिकायला काही मिळत नाही. त्याला वर्तमानपत्रातला मृतांचा आकडा तेवढा कळतो. टाकीत कोणता वायू होता, हवा तपासली होती का, दोरी होती का, हे कळत नाही. प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर महिन्याभरात एक पानी मराठी पत्रक काढा. कारखान्याचं नाव घालू नका, दोषाबद्दल लिहू नका, फक्त काय घडलं आणि काय केलं असतं तर टळलं असतं एवढं लिहा. ते राज्यातल्या प्रत्येक तेल गिरणीला, साखर कारखान्याला, अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहाला आणि क्लोरिन वापरणाऱ्या पाणीपुरवठा केंद्राला जाऊ द्या. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला शपथेसोबत तीच पत्रकं वाचली जावीत.

छोट्या कारखानदारांची एक अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. चार वायू मोजणारा मीटर, श्वसनयंत्र आणि तिपाई-कप्पी हे सगळं प्रत्येकाला परवडत नाही, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूची देखभालही होत नाही. त्यावर प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एक सामाईक संच आणि तो चालवता येणारी माणसं ठेवता येतील. लातूर आणि नांदेडच्या कृष्णूरपासून सुरुवात करता येईल. ज्याला टाकी साफ करायची त्यानं संच मागवायचा, आणि संच आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

तेल गिरणीच्या सांडपाण्याच्या टाकीसाठी फलकाचा आणि परमिटचा मराठी मसुदा मी तयार करून द्यायला तयार आहे. कानडी, तेलुगू आणि उर्दू मजकूर इथेच करून घेता येईल. आपल्या कार्यालयानं तो तपासावा, दुरुस्त करावा आणि नमुना म्हणून नियमांसोबत जोडावा. तसं करता येईल का, आणि मसुदा कुणाच्या नावे पाठवायचा, एवढं कळवावं.

आपला विश्वासू,
लातूर औद्योगिक वसाहतीतला एक सुरक्षा अधिकारी