आगाऊ रक्कम ही कमाई नव्हे

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील पर्यटनस्थळांचा उन्हाळी हंगाम अगदी तोंडावर आला होता. महाबळेश्वर, माथेरान, मालवण येथील अनेक व्यावसायिकांची वर्षाची बेगमी सुटीच्या मोजक्या आठवड्यांतच होते. तो हंगाम बुडाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेबरोबर निर्बंध पुन्हा आले आणि पुढचा हंगामही हातचा गेला. कारखान्यातील माल गोदामात ठेवून पुढे विकता येतो. रिकामी राहिलेली खोली किंवा न सुटलेली बस यांचे त्या दिवसाचे उत्पन्न मात्र कायमचेच बुडते. साहजिकच या व्यवसायात नफ्यातोट्याच्या ताळेबंदाइतकेच महत्त्व हाती असलेल्या रोकडीला आहे. महासाथीने नेमकी हीच बाजू किती कच्ची आहे, हे दाखवून दिले.

या कच्चेपणाचे एक मूळ आगाऊ रकमेत आहे. एखादा शिक्षक वा कारकून रजेचे गणित जमवून कित्येक महिने आधी सहलीचे पैसे भरतो. सहल पार पडेपर्यंत ते पैसे म्हणजे व्यावसायिकाच्या शिरावरचे देणे असते. उदाहरणादाखल, एखाद्या निवासगृहाच्या खात्यात १२ लाख रुपये आहेत आणि दरमहाचा अटळ खर्च २ लाख आहे, असे समजू. मालकाला वाटते, सहा महिन्यांची निश्चिंती झाली. परंतु त्यातील ८ लाख जर आगाऊ भरणा असेल, तर ही निश्चिंती दोनच महिन्यांची ठरते. टाळेबंदी होताच ग्राहक परताव्यासाठी दारात उभे राहिले, ते नेमके उत्पन्न थांबले त्याच वेळी! विमान प्रवासाच्या परताव्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा निर्णय लागला.

सरकारी मदत झाली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील हप्त्यांना स्थगिती दिली; पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे, व्याज चढतच होते. मे २०२० मधील हमी कर्ज योजनेत जुन्या थकबाकीच्या २० टक्के जादा कर्ज मिळे. मार्च २०२१ मध्ये आदरातिथ्य व पर्यटन व्यवसायांसाठी ही मर्यादा ४० टक्के झाली. येथेच एक विसंगती दिसते. मदतीचे माप जुन्या कर्जावर बेतलेले असल्याने ज्याने बँकेचे कर्ज कधी काढलेच नाही, त्या काटकसरी माणसाच्या पदरी काहीच पडले नाही. जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त मार्गदर्शकांसाठी १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज जाहीर झाले. परंतु माथेरानचा घोडेवाला किंवा खानावळीतील आचारी यांची नोंद त्या यादीत कोठून असणार?

तेव्हा उपाय दोन्ही बाजूंनी व्हावयास हवेत. आगाऊ रकमेसाठी व्यावसायिकांनी स्वतंत्र खाते ठेवावे आणि सहल पार पडल्यावरच ती रक्कम चालू खर्चात घ्यावी. रेल्वे, निवास यांसाठी पुढे पैसे भरावे लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण असा भरणा पावतीनिशी वेगळा दाखविता येईल. पगार, भाडे व दुरुस्ती त्यातून भागविणे हे मात्र उसन्या पैशांवर संसार करण्यासारखे आहे. चांगल्या हंगामातील काही भाग बाजूला काढून निदान तीन-चार महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी उभारणेही अवघड नाही. एकट्याला न पेलल्यास स्थानिक पतसंस्थेमार्फत सामायिक निधी करता येईल. शासनाने पुढील संकटातील मदतीचा निकष जुन्या कर्जाऐवजी बुडालेल्या उत्पन्नाशी जोडावा आणि हंगामी श्रमिकांची नोंदणी संकट येण्यापूर्वीच पुरी करावी.

पर्यटनाचा सारा डोलारा विश्वासावर उभा आहे. न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाच्या हाती ग्राहक पैसे देतो, तो या विश्वासापोटीच. त्या पैशांचा सांभाळ विश्वस्ताच्या वृत्तीने करणे ही केवळ सचोटी नव्हे. व्यवसाय तगून राहण्याची ती पहिली अट आहे.